एकाच स्लँटवरचे यीस्ट वर्षभरात बदलते ते कशामुळे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूर जिल्ह्यातील एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत आपण नव्याने रुजू झाला आहात, तेथे एकच यीस्ट गेले १४ महिने स्लँटवरून (नळीत तिरके गोठवलेल्या अगार माध्यमावरून) स्लँटवर उतरवून वापरले जात आहे, आता प्लेटवर नेहमीच्या कॉलन्यांमध्ये काही बारीक कॉलन्या दिसू लागल्या आहेत, फर्मेंटरमध्ये यीस्ट पूर्वीपेक्षा लवकर तळाशी बसते आणि फर्मेंटेशन पुरे व्हायला चार-पाच तास जास्त लागतात. वरिष्ठ म्हणतात की यीस्टमध्ये म्युटेशन, म्हणजे उत्परिवर्तन (डीएनएतील नवा बदल), झाले आहे. महाविद्यालयातील आपल्या सरांनी मात्र यीस्टमध्ये पुनर्संयोजन (आधीच असलेल्या डीएनएची नवी जुळणी) होते असे शिकवले होते. या दोहोंपैकी खरे काय, आणि दोन यीस्टांचा संकर करून चांगले यीस्ट मिळेल का, असे आपण विचारले आहे.

मी गेली २४ वर्षे यीस्टवरच काम करते आहे, त्यातील बरीचशी कोल्हापुरात आणि मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांसाठी. म्हणून आधीच सांगते की आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. यीस्टमध्ये विविधता कोठून येते हा एक, आणि आपल्या टाकीत दिसणारा बदल त्यांपैकी कशाचा आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर आपण स्लँट कसा उतरवता, एक कॉलनी उचलून की लूपभर गोळा घेऊन, आणि तळाचा गाळ पुढच्या टाकीला वापरता की नाही, यावर अवलंबून आहे. ते तपासायचे कसे, तेवढे मात्र मी सांगू शकते.

उत्परिवर्तनापासून सुरुवात करू, कारण त्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या आपल्या यीस्टच्या १६ गुणसूत्रांत मिळून डीएनएची सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे असतात. औद्योगिक यीस्ट बहुधा द्विगुणित (प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असलेले) किंवा त्याहून जास्त गुणित असते, म्हणजे द्विगुणित पेशीत ही संख्या २ कोटी ४० लाख होते. पेशी कलिकायनाने, म्हणजे अंगाला कळी फुटून, वाढताना ही सगळी अक्षरे नव्याने लिहिली जातात. हजारो पिढ्या वाढवलेल्या यीस्टचे जीनोम (संपूर्ण डीएनए) वाचून जे दर काढले गेले, त्यांनुसार द्विगुणित यीस्टमध्ये एखाद्या ठराविक अक्षरात चूक व्हायला सरासरी ६०० कोटी विभाजने लागतात. म्हणजे एका पेशीच्या वंशात साधारण २५० विभाजनांमागे एक बदल होतो. आता आपला स्लँट पाहा. एका पेशीपासून डोळ्यांना नीट दिसणारी कॉलनी तयार व्हायला सुमारे २५ पिढ्या लागतात. दरमहा एक याप्रमाणे १४ वेळा एकेक कॉलनी उचलून उतरवली असेल, तर ३५० पिढ्या झाल्या. त्या हिशेबाने संपूर्ण जीनोममध्ये एखाद-दोन अक्षरे बदलली असतील, आणि तीही बहुधा अशा जागी की त्यांचा काही परिणाम दिसू नये. तीन-तीन लक्षणे एकदम दिसण्याचे कारण म्हणून अक्षरातील चूक पुढे करणे हा तर्क मला पटत नाही.

मात्र टाकीतला हिशेब नेमका उलटा आहे. एक लाख लिटरच्या फर्मेंटरमध्ये दर मिलिलिटरला १० कोटी पेशी धरल्या, तर एकूण पेशी १०० कोटी कोटी होतात. शेवटच्या एका पिढीतच जीनोममधल्या प्रत्येक अक्षराच्या जागी काही लाख पेशींत नवी चूक झालेली असते. म्हणजे एका अक्षराने होणारा जो कोणता बदल आपल्या मनात येईल, तो त्या टाकीत कोठे तरी आधीच हजर असतो. एकेकट्या उत्परिवर्तनाची तेथे चणचण नाही. चणचण असते ती जोडीची. दोन ठराविक उपयुक्त बदल एकाच पेशीत, एकाच विभाजनात व्हावेत ही शक्यता इतकी कमी आहे की एवढी मोठी टाकीही त्यासाठी पुरत नाही. ते दोन बदल वेगवेगळ्या पेशींत मात्र सहज सापडतात, आणि केवळ कलिकायनाने वाढत राहिल्या तर त्या दोन्ही पेशींचे वंश एकाच साखरेवर एकमेकांशी स्पर्धा करत राहतात. एक टिकतो आणि दुसरा त्याच्या चांगल्या गुणासह नाहीसा होतो.

हे आपल्या भागात समजावून सांगायला मला उसाचा दाखला बरा पडतो. शेतकरी को ८६०३२ ची कांडी लावतो तेव्हा शेतभर तोच ऊस उगवतो, आणि कितीही हंगाम लावला तरी बदल होतो तो क्वचित, एखाद्या डोळ्यात. पण तो वाण मुळात को ६२१९८ आणि को-सी ६७१ यांच्या संकरातून आला आहे. दोन वाणांतील गुण एका उसात यायला फुलोरा आणि बी यांची वाट धरावी लागली. आपला स्लँट म्हणजे कांडीची लागण आहे. यीस्टचा फुलोरा म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करून बीजाणू बनवणारे), आणि तो आपल्या टाकीत येत नाही, कारण साखर भरपूर असताना यीस्ट बीजाणू धरत नाही. नत्राची उपासमार आणि साखरेऐवजी अ‍ॅसिटेटसारखे अन्न मिळाले, तरच द्विगुणित पेशी त्या वाटेला जाते.

त्या वाटेवर काय घडते ते पाहण्यासारखे आहे. पेशी स्वतःच स्पो-११ नावाच्या प्रथिनाने आपला डीएनए सुमारे दीडशे ठिकाणी तोडते, बहुतेक वेळा जनुकांच्या सुरुवातीजवळच्या मोकळ्या भागांत, आणि ती तूट जोडीच्या गुणसूत्रावरून नक्कल करून सांधते. त्यातून एका विभाजनात साधारण ९० पारगती (जोडीच्या गुणसूत्रांतील तुकड्यांची अदलाबदल) होतात, शिवाय सोळा गुणसूत्रांची वाटणी स्वतंत्रपणे होते. केवळ या वाटणीतूनच ६५,५३६ प्रकारचे संच संभवतात. मात्र सांधताना नेहमीच सरळ अदलाबदल होते असे नाही. आमच्या प्रयोगशाळेत एडीई-२ या जनुकाची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असलेले द्विगुणित यीस्ट आम्ही विद्यार्थ्यांना शिकवायला वापरतो. या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, की अ‍ॅडेनिन कमी असलेल्या माध्यमावर कॉलनी लाल होते. बीजाणूंची पिशवी विकराने (एन्झाइमने) मऊ करून, सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक सुईने चारही बीजाणू वेगळे करून ओळीत ठेवले, की तिसऱ्या दिवशी प्रत्येक ओळीत दोन पांढऱ्या आणि दोन लाल कॉलन्या दिसतात. ओळीमागून ओळी अशाच जातात, आणि मग एखाद्या ओळीत तीन पांढऱ्या आणि एकच लाल दिसते. तेथे सांधताना एका प्रतीने दुसरीचा मजकूर पुसून आपला लिहिलेला असतो. याला जनुक-रूपांतरण म्हणतात. मेंडेलच्या नियमाला पडलेला हा अपवाद मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा प्लेट पुन्हा पुन्हा दिव्याजवळ नेऊन मोजली होती, आणि आजही तशी ओळ दिसली की थांबून पाहते.

आता आपल्या कामाचा मुख्य मुद्दा. पुनर्संयोजन फक्त बीजाणू धरतानाच होते असे नाही. साध्या कलिकायनातही डीएनए कधी कधी तुटतो, आणि पेशी तो जोडीच्या गुणसूत्रावरून सांधते. वर सांगितलेल्याच द्विगुणित यीस्टच्या पांढऱ्या कॉलन्यांच्या प्लेटी भरपूर पाहिल्या, तर एखाद्या कॉलनीत भाकरीच्या चतकोरासारखा लाल तुकडा दिसतो: आत निमुळता, कडेकडे रुंद होत गेलेला. जेथे त्याचे टोक आहे, तेथे कॉलनी वाढत असताना एका पेशीत पारगती झाली आणि तिच्या एका मुलीकडे (तिच्यापासून झालेल्या नव्या पेशीकडे) बिघडलेल्या दोन्ही प्रती गेल्या. पारगतीच्या जागेपासून गुणसूत्राच्या टोकापर्यंतचा सगळा पट्टा त्या मुलीत एकसारखा होतो. विषमयुग्मजी (दोन वेगळ्या प्रती) असलेले सारे एका फटक्यात समयुग्मजी (दोन्ही प्रती सारख्या) होते. एखाद्या जागी असे होण्याचे प्रमाण दहा हजार ते एक लाख विभाजनांत एकदा, असे साधारणपणे मोजले जाते. याच्या तुलनेत कॅन-१ सारखे अख्खे जनुक नव्या उत्परिवर्तनाने निकामी व्हायला साधारण ६०-७० लाख विभाजने लागतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी विनंती आहे.

याचा अर्थ असा, की आपले यीस्ट मुळात विषमयुग्मजी असेल, तर त्याच्यात दडलेला अप्रकट दोष किंवा गुण उघडा पडण्याचे काम नवे उत्परिवर्तन करत नाही. ते काम हे कलिकायनातले पुनर्संयोजन करते, आणि तेही शंभरपटीने जास्त वेगाने. २०१८ साली जगभरातील १,०११ यीस्टांचे जीनोम एकत्र प्रसिद्ध झाले, त्यांत निम्म्याहून अधिक यीस्ट विषमयुग्मजी निघाले. मूळ बदल कधी काळी उत्परिवर्तनानेच आला होता, याबद्दल वाद नाही. पण तो आला कधी आणि दिसला कधी, यांत हजारो पिढ्यांचे अंतर असू शकते.

लवकर तळाशी बसण्याबद्दल तर मी हे जास्तच आग्रहाने सांगेन. यीस्टच्या पेशी एकमेकींना धरून गुठळ्या करतात त्या मुख्यतः फ्लो या नावाच्या जनुकांच्या प्रथिनांमुळे. फ्लो-१ मध्ये तोच तो मजकूर अनेकदा एकापुढे एक लिहिलेला असतो. अशा पुनरावृत्त भागांची नक्कल करताना किंवा सांधताना जोडणी एक-दोन घरे सरकते, आणि जनुक लांब किंवा आखूड होते. लांब जनुक असलेल्या पेशी जास्त घट्ट चिकटतात, हे २००५ साली प्रयोगाने दाखवले गेले आहे. हे उत्परिवर्तन म्हणायचे की पुनर्संयोजन? माझ्या मते दोन्ही नावे बरोबर आहेत, आणि म्हणूनच आपल्या वरिष्ठांचे आणि सरांचे म्हणणे मला एकमेकांविरुद्ध वाटत नाही. बदल जो काही झाला असेल, तो टाकीत पसरला मात्र निवडीमुळे. तळाचा गाळ आपण पुढच्या टाकीला वापरत असाल, तर प्रत्येक वेळी लवकर बसणाऱ्या पेशींनाच आपण पुढे पाठवत आहात. मिनेसोटा विद्यापीठात केवळ तळाशी बसणाऱ्या पेशी रोज पुढे नेत राहिल्यावर ६० दिवसांत दहाही नळ्यांत पुंजके करून बसणारे यीस्ट तयार झाले होते. हे काम २०१२ साली प्रसिद्ध झाले.

बारीक कॉलन्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे मी माझा स्वतःचा अनुभव सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका डिस्टिलरीत अशीच तक्रार आली. मी तीन आठवडे युरिया आणि फॉस्फेटचे प्रमाण बदलून पाहण्यात घालवले, कारण यीस्ट ‘बिघडले’ म्हणजे जनुकांत काही तरी झाले आणि त्यावर लगेच उपाय नाही, असे मी धरून चालले होते. अखेर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी प्लेटवर टेट्राझोलियमचे (श्वसन करणाऱ्या पेशींत लाल होणाऱ्या रसायनाचे) अगार ओतून ठेवायला सांगितले. दोन-तीन तासांत मोठ्या कॉलन्या लालभडक झाल्या आणि बारीक तेवढ्या पांढऱ्या राहिल्या. मोजल्या तर जवळजवळ तिसरा हिस्सा पांढरा होता. त्या पेटिट पेशी होत्या. मायटोकाँड्रियातील सुमारे ८० हजार अक्षरांचा डीएनए त्यांनी अंशतः किंवा पूर्ण गमावला होता, आणि त्यामुळे त्यांना श्वसन करता येत नव्हते. सामान्य यीस्टमध्येही अशा पेशी शेकड्याला एकाच्या आसपास आढळतात, म्हणजे हा बदल अक्षरातील चुकीपेक्षा कित्येक पटींनी सामान्य आहे. जास्त तापमान आणि जास्त अल्कोहोल यांनी तो वाढतो. तेथे स्लँट ठेवलेला फ्रिज दुपारच्या भारनियमनात रोज बंद पडत होता, आणि स्लँट तीन-तीन महिने उतरवला जात नव्हता. नवा स्लँट आणला आणि दहा दिवसांत तक्रार संपली. आणि या डीएनएतला मोठा तुकडा गळतो तोही बहुधा त्यातील सारख्या भागांमध्ये पुनर्संयोजन होऊनच.

म्हणून आपण तपासणीचा क्रम असा ठेवावा, असे मी सुचवेन. सर्वांत आधी हे यीस्ट आपलेच आहे का, ते पाहा. आपल्या भागात गळीत हंगामात उसाच्या रसावर, गुऱ्हाळात, काकवीच्या भांड्यांत सगळीकडे रानटी यीस्ट असते, आणि ब्राझीलमधील उसाच्या डिस्टिलऱ्यांत तर बाहेरून टाकलेल्या यीस्टची जागा काही आठवड्यांतच स्थानिक यीस्टने घेतल्याचे पुन्हा पुन्हा आढळले आहे. लायसीन अगारवर भरघोस वाढ दिसली, तर दुसऱ्याच जातीचे यीस्ट शिरले आहे, कारण सॅकरोमायसिसला लायसीन हा एकमेव नत्रस्रोत म्हणून चालत नाही. सॅकरोमायसिसचाच दुसरा वाण शिरला असेल तर ही चाचणी उपयोगी पडणार नाही. त्यासाठी डेल्टा क्रमांवरची (यीस्टच्या जीनोममध्ये ठिकठिकाणी आढळणाऱ्या ठराविक डीएनए तुकड्यांवरची) पीसीआर करून मूळ कल्चरशी पट्टे ताडून पाहावे लागतील. मूळ कल्चर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहातून आणले असेल, तर तेथून ते पुन्हा मागवता येते. नंतर टेट्राझोलियम किंवा ग्लिसरॉलची प्लेट करून पेटिट मोजा. शेवटी गुठळ्यांकडे वळा: तळाचे यीस्ट धुऊन ईडीटीएमध्ये (कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या रसायनात) हलवा. गुठळ्या सुटल्या आणि कॅल्शियम घातल्यावर परत आल्या, तर फ्लो प्रथिनांचा संबंध आहे. ईडीटीएनेही पुंजके सुटत नसतील, तर मुली आईपासून वेगळ्याच होत नाहीत असे समजा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींभोवती जिवाणूंच्या काड्या दिसल्या, तर दोष यीस्टचा नाही. मळीत कॅल्शियम भरपूर असते, ते एखाद्या लॉटमध्ये वाढले तरी यीस्ट लवकर बसते. तेव्हा आपला बदल नव्या मळीबरोबरच सुरू झाला का, हेही नोंदवहीत पाहा.

आता संकराबद्दल. होय, करता येतो, आणि करण्यासारखा आहे. २००५ साली गोडार्ड, गॉडफ्रे आणि बर्ट यांनी यीस्टच्या दोन फळ्या केल्या, एक बीजाणू धरून पुनर्संयोजन करणारी आणि दुसरी ती क्षमता काढून घेतलेली. अनुकूल परिस्थितीत दोघींत फरक पडला नाही. उष्णता आणि क्षार वाढवलेल्या प्रतिकूल परिस्थितीत पहिली फळी लवकर जुळवून घेऊ शकली. मळी, अल्कोहोल आणि आपल्याकडचा एप्रिल-मे यांचा विचार केला, तर आपली टाकी ही दुसऱ्या प्रकारची परिस्थिती आहे. पण अडचणीही सांगायला हव्यात. पुष्कळशी औद्योगिक यीस्ट नीट बीजाणू धरत नाहीत, आणि धरले तरी त्यांतले बरेच रुजत नाहीत, कारण गुणसूत्रांची संख्या विषम असते. शिवाय एचओ हे जनुक शाबूत असेल, तर एकटा बीजाणू रुजल्यावर आईपेशी आपला संभोगप्रकार (यीस्टमधील दोन लिंगांसारख्या प्रकारांपैकी एक) बदलते आणि आपल्याच मुलीशी मिलन करते. मग हाती येते ते पूर्ण समयुग्मजी यीस्ट, संकर नव्हे. निसर्गातही त्यामुळे परक्याशी संकर क्वचितच होतो. जीनोमांवरून काढलेला एक अंदाज सुमारे ५० हजार विभाजनांत एकदा, असा आहे. यावर उपाय जुनाच आहे: दोन वेगवेगळ्या यीस्टांचे बीजाणू सुईने एकमेकांना चिकटवून ठेवायचे, म्हणजे त्यांनी रुजण्याआधीच एकमेकांना गाठावे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ओइविंड विंगे यांनी १९३० च्या दशकात हेच केले होते.

संकर मिळाला तरी काम संपत नाही, कारण तो अत्यंत विषमयुग्मजी असतो आणि वर सांगितलेल्या चतकोर तुकड्याची क्रिया त्याच्यात सर्वांत जास्त दिसते. पन्नासएक पिढ्यांनंतर तोच संकर तसाच राहिला आहे का, हे तपासल्याशिवाय त्याला मोठ्या टाकीत घालू नका. संकर पक्का झाला त्याच दिवशी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये पुरेशा कुप्या भरून उणे ८० अंशांना ठेवा, आणि प्रत्येक हंगामाला एकच कुपी उघडा. आपल्या सध्याच्या यीस्टलाही हीच पद्धत आजपासून लावता येईल. आणि चाचणी प्रयोगशाळेच्या माध्यमावर न करता आपल्याच मळीवर करायची आहे, तेव्हा या हंगामातील शेवटच्या दोन-तीन लॉटांची पाच-पाच लिटर मळी, लॉट क्रमांक लिहून, आत्ताच गोठवून ठेवा. मे महिन्यात ती सहसा शिल्लक राहत नाही.